पाइपलाइनमधल्या स्टेपला नाव देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाइपलाइन म्हणजे कोड बदलला की तो आपोआप तपासून पुढे पाठवणारी कामांची साखळी, स्टेप म्हणजे त्यातलं एकेक काम, आणि बिल्ड म्हणजे त्या साखळीची एक फेरी. बिल्ड हिरवा, म्हणजे पास, असताना स्टेपची नावं कोणी वाचत नाही. लाल झाला की मात्र प्रत्येक जण आधी तीच वाचतो, आणि वाचणारा बहुतेक वेळा पाइपलाइन लिहिणारा नसतो. रिव्ह्यू करताना मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः गिटहब ॲक्शन्सची आहेत. गिटलॅब, जेन्किन्स, अझ्युअर वगैरेंचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. कीवर्ड इथे देवनागरीत लिहिलेत, फाइलमध्ये ते अर्थातच रोमनमध्ये जातात.

नाव नाही दिलं तर काय बिघडतं? स्टेप तर चालतेच.

चालते. फक्त नावाच्या जागी टूल स्वतःला सुचेल ते लिहितं. गिटहब ॲक्शन्समध्ये 'रन' हा शब्द आणि त्यापुढे तुमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ दिसते. स्क्रिप्ट एका ओळीची असेल, समजा 'एनपीएम टेस्ट', तर हे चालून जातं. पण स्क्रिप्ट आठ ओळींची असते आणि पहिली ओळ असते 'सीडी फ्रंटएंड', म्हणजे 'फ्रंटएंड फोल्डरमध्ये जा'. मग यादी अशी दिसते:

रन सीडी फ्रंटएंड
रन सीडी फ्रंटएंड
रन सीडी बॅकएंड
रन सीडी फ्रंटएंड

यातल्या तिसऱ्या फ्रंटएंडवर लाल फुली आहे. सांगा काय बिघडलं? लिंट (कोडच्या शैलीची तपासणी), टेस्ट की बंडल? प्रत्येक स्टेप उघडून लॉग वाचल्याशिवाय कळायचं नाही. ही यादी लिहिणाऱ्याने काही चूक केलेली नाही, नावं द्यायची तेवढी राहून गेली.

चांगलं नाव कसं ओळखायचं?

माझी एकच कसोटी आहे. नावाच्या पुढे 'हे जमलं नाही' असं लावून वाचा. 'युनिट टेस्ट चालवणं, हे जमलं नाही.' कळलं. 'स्टेजिंगवर इमेज पाठवणं, हे जमलं नाही.' हेही कळलं. आता 'सेटअप, हे जमलं नाही.' कशाचा सेटअप? 'स्क्रिप्ट, हे जमलं नाही.' कुठली? 'स्टेप ३, हे जमलं नाही.' ते तर फुली बघूनच कळलं होतं.

या कसोटीतून बहुतेक वेळा क्रियापद आणि त्याचं कर्म आपोआप बाहेर येतं: काय करतोय आणि कशावर. 'तपासणी' नको, 'एपीआयच्या स्कीमाची तपासणी' हवी. 'अपलोड' नको, 'टेस्टचा रिपोर्ट अपलोड' हवा. कमांडचं नाव मात्र पुन्हा नावात लिहू नका. 'एनपीएम सीआय चालवा' या नावातून स्क्रिप्टमध्ये दिसत नाही असं काहीच कळत नाही. 'लॉकफाइलप्रमाणे डिपेंडन्सी बसवा' यातून कळतं, कारण 'एनपीएम सीआय' लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) आणि पॅकेज फाइल जुळली नाही की थांबतं. फुली पडली की वाचणाऱ्याची नजर थेट लॉकफाइलकडे जाते.

एखादं उदाहरण जवळून दाखवा ना.

दाखवतो, आणि त्यात माझीच फजिती आहे. एका जुन्या कामात आमच्या पाइपलाइनमध्ये 'सेटअप' नावाची स्टेप होती. ती मी लिहिलेली नव्हती, पण वर्षभर रोज बघत होतो. रिलीजच्या संध्याकाळी तीच लाल झाली. सेटअप म्हणजे पॅकेजेस बसवणं, हे डोक्यात पक्कं. मी कॅशे, म्हणजे आधी उतरवून ठेवलेली पॅकेजेस, पुसला. बिल्ड परत चालवला. पुन्हा लाल. पॅकेज रजिस्ट्री बंद आहे का बघितलं. तिसऱ्यांदा चालवला. मग कुठे लॉग शेवटपर्यंत खाली नेला.

स्टेपमध्ये सात ओळी होत्या. पहिल्या सहा पॅकेजेसच्या, आणि सातवी टेस्टच्या डेटाबेसवर मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, चालवत होती. दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतींवर) एकाच क्रमांकाचं मायग्रेशन लिहिलं होतं आणि ते दोन्ही मर्ज झाल्यावर भिडले होते. दुरुस्ती एका मिनिटाची. तिथवर पोचायला पाऊण तास गेला, आणि तो सगळा एका शब्दाने खाल्ला.

नंतर त्या स्टेपचे आम्ही तीन तुकडे केले: 'लॉकफाइलप्रमाणे डिपेंडन्सी बसवा', 'टेस्टसाठी रिकामा डेटाबेस उभा करा', 'मायग्रेशन टेस्ट डेटाबेसवर चालवा'. क्रमांकांची भांडणं पुढेही झाली, फक्त लॉग उघडायच्या आधीच कुणीतरी 'अरे, मायग्रेशन' म्हणायचं.

एका स्टेपमध्ये पाच-सहा कामं असतील तर नाव कसं द्यायचं?

नावात 'आणि' लिहावा लागला की स्टेप तोडायची वेळ आली असं समजा. नाव सुचत नाही ही तक्रार बहुधा नावाची नसते, स्टेपमध्ये खूप काही कोंबलेलं असतं.

तोडताना एक खड्डा आहे. गिटहब ॲक्शन्समध्ये प्रत्येक रन स्टेप नव्या शेलमध्ये सुरू होते. आधीच्या स्टेपमधला 'सीडी' आणि 'एक्स्पोर्ट' केलेले व्हेरिएबल पुढच्या स्टेपला मिळत नाहीत. फोल्डरसाठी वर्किंग-डिरेक्टरी वापरा आणि व्हेरिएबल पुढे न्यायचे असतील तर ते गिटहब-एन्व्ह या फाइलमध्ये लिहा. हे न करता स्टेप तोडली की बिल्ड फुटतो, मग लोक वैतागून परत एकच मोठी स्टेप करतात, आणि तिचं नाव पुन्हा 'सेटअप' होतं.

तोडणं खरोखरच शक्य नसेल तर लॉगमध्येच मथळे घाला. गिटहबमध्ये 'ग्रुप' आणि 'एंडग्रुप' या खुणा 'एको' कमांडने छापल्या की मधला भाग घडी घालता येणारा होतो आणि त्यावर तुमचं शीर्षक बसतं. गिटलॅबमध्ये सेक्शन सुरू आणि बंद करायच्या अशाच खुणा आहेत.

'नेम' आणि 'आयडी' यांत फरक काय? दोन्हींत एकच लिहिलं तर?

नेम माणसासाठी, आयडी यंत्रासाठी. पुढची एखादी स्टेप या स्टेपचं आउटपुट वापरणार असेल तर ती आयडीवरून मागते. म्हणून आयडी छोटा, रोमन, स्पेस नसलेला ठेवा आणि एकदा दिलेला शक्यतो बदलू नका. नेम हवं तेव्हा सुधारा.

अझ्युअर पाइपलाइन्सकडून आलेल्यांची इथे हमखास फसगत होते. तिकडे 'नेम' हाच संदर्भासाठीचा शब्द आहे आणि माणसाला दिसणारं नाव 'डिस्प्ले-नेम'मध्ये जातं. दोन्हीकडे काम करणाऱ्याच्या फाइलींत हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिलाय की आता रिव्ह्यूत आधी तेच शोधतो.

नाव बदलल्याने काही मोडतं का?

स्टेपचं बदलल्याने जवळपास कधीच नाही. जॉबचं (एकत्र चालणाऱ्या स्टेप्सचा गट) आणि वर्कफ्लोचं (एका फाइलमधले सगळे जॉब) बदलल्याने मोडतं, आणि ते गुपचूप मोडतं. हा भाग नीट वाचा.

गिटहबमध्ये ब्रँच प्रोटेक्शन लावताना 'हा चेक पास झाल्याशिवाय मर्ज नको' असं सांगतो, तेव्हा तो चेक जॉबच्या नावावरून ओळखला जातो. तुम्ही जॉबचं नाव 'टेस्ट'वरून 'युनिट टेस्ट' केलंत की नवा जॉब धावतो, हिरवा होतो, आणि पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करायची विनंती) तरीही अडकून राहते. जुन्या नावाचा चेक अजून यायचाय म्हणून ती वाट बघत बसते, आणि तो तर आता कधीच येणार नाही. यादीत ना लाल ना हिरवं, नुसतं 'अपेक्षित'. नवीन माणूस तासभर रिफ्रेश करत बसतो. नाव बदलणाऱ्यानेच, किंवा रिपॉझिटरीचे अधिकार असलेल्या कुणी, सेटिंग्जमधलं नाव त्याच दिवशी बदलायला हवं.

वर्कफ्लोच्या नावाचंही तसंच. एक वर्कफ्लो संपल्यावर दुसरा सुरू करायचा असेल तर 'वर्कफ्लो-रन' या ट्रिगरमध्ये पहिल्याचं नाव लिहिलेलं असतं. पहिल्याचं नाव सुधारलंत आणि इथलं विसरलात, तर दुसरा धावायचा थांबतो. एररचा पत्ता नाही. रात्रीचा डिप्लॉय होत नाहीये हे चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं.

गिटलॅबमध्ये जॉबचं नाव हीच त्याची ओळख असते, त्यामुळे 'नीड्स' आणि 'डिपेंडन्सीज'मध्ये, म्हणजे एक जॉब दुसऱ्यावर अवलंबून आहे असं सांगणाऱ्या ओळींत, ते जिथे जिथे आलंय तिथे तिथे बदलावं लागतं. एकाच फाइलमध्ये दोन जॉबना एकच नाव दिलं तर पाइपलाइनमध्ये एकच येतो, आणि कुठला येईल यावर भरवसा ठेवू नये.

मॅट्रिक्समधल्या जॉबना नाव द्यायचं की आपोआप येऊ द्यायचं?

मॅट्रिक्स म्हणजे एकच जॉब वेगवेगळ्या आवृत्त्यांवर किंवा सिस्टिमवर चालवणं. आपोआप येणारं नाव म्हणजे जॉबचं नाव आणि कंसात मॅट्रिक्सची मूल्यं. दोन मूल्यं असतील तर ठीक. चार-पाच झाली की कंस इतका लांबतो की हवा तो भाग कापला जातो. अशा वेळी नावात हवी तेवढीच मूल्यं एक्सप्रेशनने (चालताना मूल्य भरणाऱ्या खुणेने) घाला: 'टेस्ट, नोड २०, लिनक्स'.

पण मागच्या प्रश्नातला सापळा इथे दुप्पट आहे. नोडची आवृत्ती १८ वरून २० केली की जॉबचं नावही बदलतं, आणि १८च्या नावाचा सक्तीचा चेक हवेत लटकतो. मॅट्रिक्सच्या जॉबना सक्तीच्या यादीत घालूच नका. शेवटी एक छोटा जॉब ठेवा, नाव समजा 'सर्व टेस्ट पास', जो बाकीच्यांवर 'नीड्स'ने अवलंबून असेल, आणि सक्ती फक्त त्याची करा.

त्यातही एक बारकावा आहे आणि तो चुकला तर सगळंच वाया. अवलंबून असलेला जॉब फेल झाला की पुढचा जॉब नुसता वगळला जातो, आणि गिटहब वगळलेल्या जॉबला चेक म्हणून यशस्वी धरतं. म्हणजे टेस्ट लाल, 'सर्व टेस्ट पास' वगळलेला, आणि मर्जचं बटण उघडं! म्हणून त्या शेवटच्या जॉबला 'इफ ऑलवेज' (काहीही झालं तरी चाल) लावा आणि आत बाकीच्यांचे निकाल तपासून, एखादा जरी यशस्वी नसला तरी स्वतः फेल व्हायला लावा. इतकं बोलकं नाव देऊन ते खोटं ठरावं, यापेक्षा निनावी जॉब बरा.

नाव खोटं ठरू शकतं म्हणजे?

नाव 'टेस्ट चालवा' आणि स्टेप हिरवी, म्हणजे टेस्ट पास झाल्या असं आपण धरतो. पण आत टेस्टचं आउटपुट पाइप करून 'टी' कमांडला दिलेलं असतं, म्हणजे लॉग फाइलमध्येही जावा. लिनक्स रनरवर, म्हणजे स्टेप चालवणाऱ्या मशीनवर, शेल न सांगता स्टेप लिहिली तर बॅश फक्त '-ई' (कमांड फेल झाली की थांब) घेऊन चालतो. पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरला जातो, आणि 'टी' तर नेहमीच यशस्वी. टेस्ट फेल, स्टेप हिरवी. 'शेल: बॅश' असं स्पष्ट लिहिलं की गिटहब सोबत 'पाइपफेल'ही लावतं आणि स्टेप लाल होते. एका ओळीचा फरक.

'कंटिन्यू-ऑन-एरर' लावलेल्या स्टेपचंही तेच. ती पडली तरी जॉब हिरवाच. अशा स्टेपच्या नावातच लिहा: 'स्पेलिंग तपासा, अडवत नाही'. लिहायला ओशाळल्यासारखं वाटत असेल, तर ती स्टेप मुळात हवी का याचा विचार करा.

'यूजेस'वाल्या तयार ॲक्शनला नाव द्यायलाच हवं का?

'यूजेस' म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली तयार स्टेप वापरणं. चेकआउटसारख्या (कोड उतरवून घेणारी) सगळ्यांना माहीत असलेल्यांना नाही दिलं तरी चालतं, मी बऱ्याचदा देत नाही. ॲक्शन अनोळखी असेल किंवा एकच ॲक्शन दोनदा आली असेल तर द्या.

एक गंमत लक्षात ठेवा. काही ॲक्शन जॉबच्या शेवटी साफसफाईला पुन्हा धावतात आणि तेव्हा तुमच्याच नावाच्या आधी 'पोस्ट' लागतं. कॅशेची ॲक्शन सुरुवातीला कॅशे परत आणते आणि शेवटी नवा जपून ठेवते. तिला 'कॅशे परत आणा' असं नाव दिलं तर शेवटी दिसतं 'पोस्ट कॅशे परत आणा', जे तेव्हा नेमकं उलटं काम करत असतं. इथे क्रियापदाचा हट्ट सोडा, 'डिपेंडन्सीचा कॅशे' पुरे.

नावात आवृत्ती, तारीख, कमिटचा क्रमांक घालावा?

आवृत्ती हाताने लिहू नका. 'नोड १६ बसवा' असं नाव आणि खाली २० बसवणारी ओळ, हे मी एकाहून अधिक रिपॉझिटरींत पाहिलंय. खालची ओळ बदलणाऱ्याला वरची दिसत असते, पण ती बदलल्याशिवाय काही अडत नाही म्हणून ती तशीच राहते. आवृत्ती हवीच असेल तर एक्सप्रेशनने मॅट्रिक्समधून किंवा व्हेरिएबलमधून आणा. तारीख आणि कमिट स्टेपच्या नावात नको. ते संपूर्ण रनच्या शीर्षकात, म्हणजे 'रन-नेम'मध्ये शोभतं. जेन्किन्समध्ये तर स्टेजची नावं दर रनला बदलली की स्टेज व्ह्यूमध्ये मागच्या रनशी तुलनाच करता येत नाही.

नावात कोलन टाकला आणि फाइलच चालेना!

यॅमल, म्हणजे या फाइली ज्या भाषेत लिहितात ती. कोलन आणि त्यानंतर स्पेस आली की त्याला वाटतं नवी की सुरू झाली. 'डिप्लॉय: स्टेजिंग' असं नाव द्यायचं तर अवतरणांत टाका. कोलनची चूक निदान लगेच ओरडते. हॅशची ओरडत नाही: स्पेसनंतर हॅश आला की पुढचं सगळं कॉमेंट, म्हणजे 'तिकीट #४२ साठीची तपासणी' या नावातलं फक्त 'तिकीट' उरतं. ॲट, तारका, चौकोनी किंवा महिरपी कंस यांनी सुरू होणारी नावंही अवतरणांतच ठेवा. शंका आली की अवतरणं. काही बिघडत नाही.

मराठीत नावं दिली तर चालतील? आणि इमोजी?

दिसायला काही अडचण नाही, नेममध्ये देवनागरी व्यवस्थित उमटतं. आयडी मात्र रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर यांतच, आणि सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोअरने. रात्री लाल बिल्ड बघणारे सगळे मराठी वाचणारे असतील तर खुशाल द्या. टीममध्ये एक जण जरी न वाचणारा असला तरी त्याच्या वाट्याला आलेली रात्र आठवा. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी मात्र नको. शोधताना दोनदा शोधावं लागतं.

इमोजी मला आवडत नाहीत. पुढे काही नाही.

अटीवर चालणाऱ्या स्टेपचं काय?

अट नावात आणा. वगळलेली स्टेप राखाडी दिसते, आणि 'डिप्लॉय' राखाडी दिसला की कुणीतरी विचारतंच, का नाही झाला? 'प्रॉडक्शनवर डिप्लॉय, फक्त मेन ब्रँच' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. फेल झाल्यावरच धावणाऱ्या स्टेपलाही तसंच: 'टेस्ट पडल्यास स्क्रीनशॉट जपा'. नाहीतर लाल स्टेपच्या खाली हिरवा 'स्क्रीनशॉट' दिसतो आणि तो कशाचा ते कळत नाही.

बाकीच्या टूल्समध्ये नाव कुठे लिहायचं?

थोडक्यात. जेन्किन्समध्ये 'स्टेज'ला नाव द्यावंच लागतं, पण आतल्या 'एसएच'ला 'लेबल'ही देता येतं हे अनेकांना माहीत नसतं. नाहीतर यादीत नुसती 'शेल स्क्रिप्ट'ची रांग लागते. सर्कलसीआयमध्ये 'रन'खाली नेम आणि कमांड वेगवेगळे लिहा. गिटलॅबमध्ये जॉबच्या नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, टिंबाने सुरू होणारा जॉब धावतच नाही, आणि 'टेस्ट १/३', 'टेस्ट २/३' अशी नावं दिली की ग्राफमध्ये ते एकत्र गोळा होतात. डॉकरफाइलमध्ये (कंटेनरची इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) स्टेजला 'ॲज बिल्डर' असं नाव द्या. कॉपी करताना 'फ्रॉम शून्य' असं क्रमांकाने लिहिलं आणि नंतर त्या स्टेजच्या आधी आणखी एक घातली, की फाइल चुकीच्या जागेहून कॉपी होते.

नाव किती लांब असावं?

पहिल्या तीन-चार शब्दांत वेगळेपण कळावं. पुढचं कापलं जाऊ शकतं, विशेषतः फोनवर. 'ॲप्लिकेशनच्या बॅकएंडसाठी' अशी एकसारखी सुरुवात असलेली सहा नावं म्हणजे सहा सारखीच नावं.

जुनी पाइपलाइन आहे, साठ-सत्तर स्टेप्स, निम्म्या निनावी. सुरुवात कुठून करू?

सगळं एका दमात बदलू नका. मागच्या दोन-तीन महिन्यांतले लाल रन उघडा आणि कुठल्या स्टेप्स पडल्या ते वहीत लिहा. दहा-बाराच निघतील. त्यांनाच आधी नावं द्या, आणि नाव देता येईना तिथे स्टेप तोडा. त्या पुल रिक्वेस्टमध्ये दुसरं काही घालू नका. जॉबच्या नावांना हात लावायच्या आधी सक्तीच्या चेक्सची यादी आणि 'वर्कफ्लो-रन'चे उल्लेख शोधून ठेवा, आणि ते बदल शुक्रवारी संध्याकाळी मर्ज करू नका.